अर्धा डबा पिवळं अस्तर

मशीनचं टोपण उलटं धरलं की चांगलं खोलगट पातेलं होतं. मी त्यात सहा भाकऱ्या, ठेच्याचा गोळा, कांदे आणि मीठ, हळद, तिखट यांच्या पुड्या ठेवल्या, वरून जुन्या लुगड्याचं फडकं आवळून बांधलं आणि मंगळवारी उजाडताच घर सोडलं. टोपण दुकानदारांना दाखवायला न्यायचंच होतं. मग ते रिकामं कशाला न्यायचं?

माहेरच्या माणसांनो, तुम्ही गोदावरीकाठी बसून हे वाचाल, म्हणून आधी सगळं नीट सांगते. लग्न होऊन मी वऱ्हाडात आले त्याला चाळीस वर्षं झाली. आम्ही भोई. इथे पूर्णा नदीच्या घाटावर आमची नाव चालते. गेल्या पुरात पलीकडच्या गावाची नाव दोन मैल वाहत गेली आणि बाभळीत अडकली. माणसं वाचली, पण तेव्हापासून कचेरीने ठरवलं की पुराच्या दिवसांत वल्ह्याची नाव चालणार नाही. नावेच्या मागे लटकवायचं मशीन ज्याच्याकडे असेल त्यालाच घाट मिळेल. घाट मुळात आमचा, म्हणून पहिला हक्क आमचा. पलीकडच्या सरपंचाच्या पुतण्याने नवं कोरं मशीन आणलं. आमच्या नामदेवने, माझ्या मुलाने, जुनं आणलं. कुठले तरी साहेबलोक लोणारच्या तळ्याची खोली मोजायला आले होते, त्यांचं टाकून दिलेलं मशीन त्याने लिलावात घेतलं.

मशीन चालायचं, पण अंगाला खरूज झाल्यासारखं दिसायचं. रंगाच्या खपल्या, खाली पांढरी भुकटी. कचेरीचा ओव्हरशियर पाहायला आला, त्याने किल्लीने खरवडलं आणि म्हणाला, "बाई, हे असं पाण्यात लोटलं तर दोन महिन्यांत झिजून गळेल. नीट रंग देऊन ठेवा. पुढच्या महिन्यात येईन. तेव्हाही असंच दिसलं तर घाट पलीकडच्यांचा."

जुना रंग मी काढला. एका दिवसात काढला. लोणारचा खार (पापडात घालतो तो) मोठ्या कढईत उकळला आणि मशीनचे सगळे सुटे भाग त्यात बुडवून ठेवले. सकाळी रंग सालीसारखा सुटला होता. खालचं अल्युमिनियम जरा काळं पडलं होतं, ते मी राखेने घासलं. मग नामदेवने नांदुऱ्याहून शेंदरी अस्तर आणून लावलं. खरा रंग देण्याआधी खाली जो हात देतात त्याला रंगारी अस्तर म्हणतात. दोन दिवसांत ते अस्तर फुगलं आणि पापुद्र्यासारखं हातात आलं.

मी नामदेवला दारात उभं करून, शेजारीपाजारी ऐकतील अशा आवाजात, काय काय बोलले ते तुम्हाला ठाऊक आहे. मीच तुम्हाला कळवलं होतं की मुलाने भंगार आणलं आणि वर त्याला धड रंगही देता येत नाही. आता ओव्हरशियर यायला नऊ दिवस उरले होते. नामदेव पुन्हा जायला निघाला तेव्हा मी म्हटलं, "तू बस घरी. तुझी खरेदी पाहिली."

नांदुरा हे गाव मला कधीच आवडलं नाही. स्टेशन आहे म्हणून त्याला वाटतं आपण शहर आहोत. शेंदरी अस्तर विकणारा दुकानदार गादीवर लवंडला होता. मी टोपण त्याच्या पुढ्यात आपटलं.

"हे पाहा तुमचं अस्तर."

त्याने नखाने पापुद्रा काढला. "बुढीमाय, रंग चांगलाच हाये आपला. लावणाऱ्याचा हात खराब असन."

हे मात्र मला पटलं. तरीही मी त्याला सोडलं नाही.

"मग डब्यावर लिहा ना, चांगल्या हातानेच लावावा म्हणून."

"अल्युमिनियम हाये हे. खामगावले जाऊन पाहा. मोठा बजार हाये तिथं." आणि त्याने कूस बदलली. गिऱ्हाईक समोर असताना कूस बदलणारा दुकानदार मी पहिल्यांदा पाहिला.

खामगावला उतरले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मोटारस्टँडच्या बाजूलाच मोटारींच्या बॉड्या बांधायचा कारखाना होता. अर्धवट बांधलेली एक बस तिथे उभी होती, पत्र्यांचा रंग डबक्यावरच्या शेवाळासारखा. आत ठोकाठोकी आणि शिव्या. मी पदर नाकाला लावला आणि तिकडे न बघता पुढे गेले. हे लक्षात ठेवा.

बाजारात कापसाच्या गाड्या नव्हत्या, हंगाम संपला होता. तरी व्यापाऱ्यांचा रुबाब तेवढाच. रंगाच्या मोठ्या दुकानात तीन नोकर आणि एक मालक, आणि चौघांत मिळून काम कोणाकडेच नव्हतं. मालकाने टोपण दुरूनच पाहिलं.

"याले पिवळं अस्तर लागते. शेंदरी लोखंडाचं असते. अल्युमिनियमले नाई चालत." त्याने फळीवरचा सीलबंद डबा दाखवला. भाव सांगितला. तेवढ्या पैशांत दुभती शेळी आली असती आणि दोर विकणाऱ्याने दोर फुकट दिला असता.

"मला वाटीभर पुरे," मी म्हटलं.

"वाटीभर? माय, हे काय तेल हाये पावशेर मोजून द्याले?"

"मग तेल विका. कोणाच्या उपयोगी तरी पडाल."

नोकर हसले, मालक हसला नाही. पण मशीन कुठलं ते मी सांगितल्यावर त्यानेच सांगितलं की ज्या साहेबलोकांचं ते होतं त्यांच्या बुलढाण्याच्या कचेरीत उरलेलं अस्तर असेल. "सरकारी सामान. पडून राह्यलं असन कुठी तरी." मला घालवून द्यायला म्हणाला असेल, पण बोलणं खोटं नव्हतं.

स्टँडमागच्या धर्मशाळेत रात्र काढून बुधवारी सकाळची बुलढाण्याची गाडी धरली. बोथ्याचा घाट चढताना दोन्ही बाजूंनी सागाचं रान. पण उन्हाळ्यात सागाला पान नसतं, म्हणजे नुसत्या काठ्या उभ्या. लोक ह्याला देखावा म्हणतात. अर्ध्या घाटात गाडी तापली आणि थांबली. कंडक्टर खाली उतरून पाणी आणायला भांडं शोधू लागला. त्याची नजर माझ्या मांडीवरच्या गाठोड्यावर गेली.

"माय, तेवढं पातेलं द्या ना. मशीनमध्ये पाणी टाकतो."

"पातेलं नाही. मशीनचं टोपण आहे."

"मंग तर बरंच हाये. मशीनचं मशीनले!"

सगळी गाडी हसली. मी त्याला माझा तांब्या दिला. त्याने ओढ्याच्या डबक्यावर चार फेऱ्या मारल्या, तांब्याला पोचा पाडून परत केला, आणि वर म्हणाला, "तुमचा तांब्या आधीच चेपला व्हता." व्हता म्हणे.

बुलढाणा उंचावर आहे, वारा थंड आहे. गोऱ्या साहेबांना ते गाव आवडायचं म्हणतात, आणि ते गेले तरी त्यांच्या खुर्च्या अजून गरम आहेत असं तिथले कारकून वागतात. मला जी कचेरी दाखवली तिथे एक कारकून टेबलावर पेपर पसरून बसला होता. मी काय पाहिजे ते सांगितलं. तो म्हणाला, "अर्ज द्या."

"कशाला अर्ज? उरलेलं अस्तर आहे का, एवढंच विचारते."

"तेच अर्जात लिहा."

त्याला वाटलं असेल, म्हातारी लेखनिक शोधत फिरेल आणि संध्याकाळ होईल. मी त्याच्याच टेबलावरून कागद ओढला आणि उभ्याउभ्याच अर्ज लिहिला. चौथीपर्यंतची शाळा, पण अक्षर माझं अजून सुतात असतं. त्याने अर्ज दोनदा वाचला, चूक सापडली नाही तेव्हा नाइलाजाने उठला. कपाटातून वही काढली.

"लोणारच्या कॅम्पचं सामान. हे पाहा. दोर, बांबू, कंदील तीन, काचा फुटलेले. पिवळ्या रंगाचा डबा एक, अर्धा भरलेला." त्याने बोट ठेवून दाखवलं. "सगळं लोणारलेच चौकीदाराच्या ताब्यात हाये. निकामी सामान हाये, नेलं तरी चालते. चिठ्ठी देतो."

अर्धा डबा! मला तर चौथाई पुरला असता. वहीत लिहिलं आहे म्हणजे असणारच, असं मला वाटलं. चाळीस वर्षं ह्या जिल्ह्यात काढूनही मला असं वाटलं, ह्याची आता लाज वाटते.

मुक्काम नणंदेच्या लेकीकडे झाला. जेवायला बेसन (आपल्याकडचं पिठलं) आणि भाकरी. बेसनात तिखट इतकं की डोळ्यांतून पाणी. मी पाणी पुसलं तर ती म्हणाली, "आठवण येऊन राह्यली काय घरची?" मी तिला सांगितलं की घरची नाही, गुळाची येते आहे.

गुरुवारी चिखली आणि मेहकर असं बदलत बदलत लोणारची गाडी गाठली. मेहकरला शेजारी साखरखेर्ड्याची एक बाई येऊन बसली. बाजारात वांगी विकून परत निघाली होती, पण लोणारला बहिणीकडे जाऊन मग घरी जाणार होती. रिकाम्या टोपल्या तिने माझ्या पायांवर ठेवल्या आणि गाठोड्याकडे वाकून पाहिलं.

"नात हाये काय? किती गुमसुम निजली!"

"नात नाही. मशीन आहे."

"अगो माय! मंग पिते काय ते?"

"रॉकेल."

"मंग बरं. माह्या नातीले तर गायीचंच दूध लागते." थोडा वेळ तिने मला नीट न्याहाळलं. "तुमी 'मला' म्हंता, 'मले' नाई म्हनत. पुन्याच्या काय?"

"गोदावरीकाठची. चाळीस वर्षं झाली इथे येऊन."

"चाळीस वर्सं झाली अन् अजून 'मला'? काऊन (का)? लई हट्टी दिसता बाई तुमी." आणि आपल्या पिशवीतून मूठभर फुटाणे काढून तिने माझ्या ओच्यात टाकले. फुटाणे चांगले होते. एवढ्या प्रवासात चांगलं म्हणावं असं ते पहिलंच.

लोणारचं तळं पाहायला दूरदूरचे लोक येतात. मी रंगासाठी गेले म्हणून पाहिलं. जमीन सपाट चालली आहे आणि एकदम तिला वाटोळं भलंमोठं भोक पडलं आहे, गाव मावेल एवढं. कडेवरून खाली झाडी, आणि तळाशी हिरवं, घट्ट दिसणारं पाणी. वारा खालून आला की कुजक्या अंड्याचा वास. पाण्यात मासा नाही. मी भोयाच्या घरची. ज्या पाण्यात मासा नाही त्याचं कौतुक करायला मला जमत नाही. उन्हाळ्याने पाणी मागे हटलं होतं आणि काठाची माती पांढरी फटक झाली होती. हाच तो खार. चाळीस वर्षं मी तो पापडांत घालत आले, तो निघतो कुठून हे तेव्हा पाहिलं.

चौकीदाराची झोपडी कडेवरच होती. तो बाजेवर बसून दोरी वळत होता. मी चिठ्ठी दिली. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून मीच त्याला वाचून दाखवली.

"अर्धा डबा?" तो म्हणाला. "हाव (होय), व्हता ना!"

"व्हता म्हणजे?"

त्याने बोट दाखवलं. झोपडीच्या बाजूला बकऱ्यांचा गोठा होता. गोठ्याला दार होतं. दार पोपटी-पिवळं होतं, वरपासून खालपर्यंत, दोन हात दिलेलं. कडीसुद्धा पिवळी.

"मस्त झालं का नाई?" त्याने विचारलं. "दोन पावसाळे झाले, वाळवी लागली नाई."

मी दाराकडे पाहत राहिले. एक बकरी येऊन त्याला अंग घासून गेली. ज्या अर्ध्या डब्यासाठी मी जिल्ह्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला आले होते, तो बकऱ्यांचं वाळवीपासून रक्षण करत होता. मी त्या माणसाला जे बोलले ते लिहीत नाही, कारण हे पोरीबाळीही वाचतील.

तो रागावला नाही. उलट त्याला माझी कीव आली असावी. "माय, ते साहेबलोकच येडे व्हते," तो म्हणाला. "पोत्यानं सामान आणलं अन् टाकून गेले. रोज संध्याकाळी काय करत माहीत हाये? चार मान्सं लावून वरच्या धारेचं गोडं पाणी खाली नेत अन् त्या मशीनले अंघोळ घालत. पिण्याले पाणी नाई मान्साले, अन् मशीनले घागर घागर! म्हनत, हे खारं पाणी मशीनले खाते."

"खाते!" मी म्हटलं. "पाणी कधी काही खातं का?"

"तेच तर!" तो म्हणाला, आणि आम्ही दोघं साहेबांना हसलो. एवढ्या एका गोष्टीवर त्याचं आणि माझं एकमत झालं.

धार म्हणजे तळ्याच्या कडेवरचा गोड्या पाण्याचा झरा. बारा महिने वाहतो. मी तिथल्या पायऱ्यांवर बसले, हातपाय धुतले, पोचा पडलेला तांब्या भरून गाठोड्याशेजारी ठेवला. भूक लागली होती. गाठोडं सोडायला गेले तर तांब्या कलंडला आणि सगळं पाणी टोपणात. शेवटची भाकरी भिजली, पुड्या भिजल्या. मी चिडून सगळं बाहेर काढलं आणि टोपण उपडं करून झटकलं.

आतून ते लाल झालं होतं. हळदीची पुडी फुटून पाणी जिथे जिथे गेलं होतं, तिथे तिथे कुंकवासारखा लालभडक ओघळ. खड्ड्याखड्ड्यांत जास्तच लाल.

हळद खाराला लागली की लाल होते, हे मला कोणी सांगायला नको. हळदीचा डाग साबणाला लागला की लाल होतो, हे ज्या बाईने कपडे धुतले आहेत तिला ठाऊक असतं. मी पंचावन्न वर्षं कपडे धुते आहे. मशीन धुतलं खाराने, घासलं राखेने, म्हणजे खारानेच. मग विहिरीच्या दोन बादल्या ओतल्या आणि म्हटलं झालं. खार त्या खड्ड्यांत बसून राहिला होता. वरून नामदेवने अस्तर लावलं. खालून खाराने ते उचकटून काढलं.

मी टोपण मांडीवर घेऊन बसले. भाकरी खाल्ली नाही.

पायऱ्यांच्या वरच्या बाजूला चिंचेखाली एक कल्हईवाला भाता लावून बसला होता. पांढरी दाढी, हात कोपरापर्यंत काळे. तो मघापासून माझ्याकडे पाहत होता. उठून आला आणि टोपणात डोकावला.

"अम्मा, मशीनची पूजा केली का? हळद-कुंकू वाहून राह्यल्या?"

"पूजा नाही. धुतलं."

"कशानं?"

सांगायची लाज वाटली. तरी सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं, पण त्याने टोपण हातात घेतलं, उन्हाकडे धरलं आणि कडेवरून बोट फिरवलं.

"खारात उकळलं? अम्मा, अल्युमिनियमचं भांडं आमच्याकडे कोणी खारानं धुतलं तर आम्ही घरी परत पाठवतो. खार खाऊन टाकते त्याले. हे पाहा, इथं नखाएवढं पातळ झालं." मग टोपण मांडीवर ठेवून तो म्हणाला, "पण गेलं नाई अजून. चिंचेचा कोळ करा, चांगला आंबट. एक घडीभर (थोडा वेळ) चोळा. मंग गोड्या पाण्यानं तीनदा धुवा. मंग ओली हळद लावून पाहा. पिवळी राह्यली तर समजा खार गेला."

त्याने आपल्याच मडक्यातली भिजवलेली चिंच दिली, कल्हईच्या आधी भांडी घासायची ती. मी तिथेच पायरीवर टोपण चोळलं. धुतलं. चिमूटभर ओली हळद लावली. आम्ही दोघं त्या चिमटीकडे पाहत बसलो. पिवळी होती, पिवळीच राहिली.

"आता अस्तर कुठून आणू?" मी विचारलं. त्याचं नाव उस्मानभाई, हे मला तेव्हा कळलं. "खामगावचा दुकानदार सीलबंद डब्याखेरीज बोलत नाही."

"खामगावले? स्टँडच्या बाजूले बॉड्या बांधतात, तिथं माझा भाचा हाये. बशीर. बसच्या पत्र्याले तेच पिवळं अस्तर मारतात ते लोक. डब्याच्या तळाशी उरते, वाळून जाते, फेकतात. माझं नाव सांगा."

डबक्यावरच्या शेवाळाचा रंग. ज्याच्या दारावरून मी नाकाला पदर लावून गेले होते, तेच. तीन दिवस, चार गाड्या, एक घाट आणि एक बकरीचं दार, आणि अस्तर पहिल्या दिवशी माझ्यापासून वीस पावलांवर होतं. मी उस्मानभाईंना हे सांगितलं नाही. माझ्या मूर्खपणाचा एक साक्षीदार एका दिवसाला पुरे होता.

शुक्रवारी मेहकरवरून सरळ खामगाव. बशीर पस्तिशीचा, तोंडात पान, डोळ्यांच्या पापण्यांनाही रंग लागलेला. मामाचं नाव सांगितल्यावर त्याने स्टूल पुढे केलं, पण टोपण पाहिल्यावर नाक मुरडलं.

"याच्यावर काय काय केलं तुम्ही, खाला (मावशी)?"

"जे करू नये ते सगळं केलं. आता काय करायचं ते सांग."

त्याला माझं उत्तर आवडलं असावं. त्याने टोपण घासकागदाने घासायला लावलं, मलाच. मी अर्धा तास घासलं. तो मध्येमध्ये येऊन म्हणायचा, "अजून. तिथं खड्ड्यात. अजून." माझ्या सुनेला मी भांडी घासायला असंच सांगते, आणि ते ऐकताना कसं वाटतं ते मला त्या दिवशी कळलं. मग त्याने एका डब्याच्या तळाचं अस्तर, वरची साय काढून, फडक्यातून गाळून दिलं. अर्धा डबा भरला. त्याचे जे पैसे मागितले ते त्या दुकानदाराने सांगितलेल्या किमतीच्या जवळपासही नव्हते. शिवाय तोंडी सूचना: पातळ लावा, उन्हात वाळवू नका, पूर्ण एक दिवस हात लावू नका.

"आणि शेंदरी?" मी विचारलं. "मुलाने आधी शेंदरी लावलं होतं."

"शेंदरी याच्यावर चालत नाई, ते बरोबर. पण दोन दिवसांत नसतं निघालं. चार-सहा महिने तरी टिकलं असतं. ते खारानं काढलं."

शनिवारी दुपारी घरी पोचले. नामदेव अंगणात मशीनचा खालचा पाय मांडून बसला होता, जिथे पंखा फिरतो तो भाग. मला पाहून उठला नाही. दारात ऐकवलेलं अजून त्याच्या चेहऱ्यावर होतं. मी टोपण आणि डबा त्याच्यापुढे ठेवला.

"रंग तू वाईट लावला नव्हतास. मी खारात उकळलं, त्याने सगळं बिघडलं. टोपण एका जागी पातळ झालं आहे. बाकीचे भागही पाहायला हवेत."

त्याने टोपण उलटसुलट करून पाहिलं. इथेच जन्मला, वाढला, म्हणून तो इथल्यांसारखाच बोलतो.

"मंग त्या दिवशी दारात जसं ओरडून सांगितलं, तसंच हेही सांग लोकाइले."

"सांगेन."

"अन् मामाले पत्र लिहिलं होतं ना तू? त्याइलेही लिही."

दारात उभं राहून सांगून झालं, आता हे लिहिते आहे. तुम्ही नामदेवविषयी जे वाचलं होतं ते खोडून टाका. मशीन मी बिघडवलं.

दोन दिवस घरात चिंचेचा वास होता. सून कोळ करायची, मी चोळायची, नामदेव पाणी आणायचा. प्रत्येक भागावर ओली हळद लावून पाहिली. पंख्याच्या पायावर ती पहिल्यांदा लाल झाली, दुसऱ्यांदा केशरी, तिसऱ्यांदा पिवळी राहिली, तेव्हा कुठे मी त्यावर बशीरचं अस्तर लावू दिलं. वरचा हिरवा रंग नामदेवने दिला. हात त्याचा चांगला आहे. नांदुऱ्याच्या दुकानदाराला हे सांगायला मला पुन्हा एकदा तिथे जावं लागणार, ह्याचाच काय तो वैताग.

ठरल्या दिवशी, गुरुवारी, ओव्हरशियर आला. किल्लीने खरवडलं. किल्ली घसरली. त्याने आणखी जोर लावला तेव्हा हिरव्याखालचं पिवळं दिसलं आणि पिवळं तसंच राहिलं. त्याने वहीत लिहिलं आणि घाट आमचा राहिला. कौतुकाचा एक शब्द त्याच्या तोंडातून आला नाही. त्याने पिवळं अस्तर ओळखलं असेल, पण ते मिळवायला आम्हाला काय करावं लागलं ते विचारायचं त्याच्या ध्यानातही आलं नाही.

हा प्रवास कसा झाला असं गावात विचारतात. मी सांगते, वाईट. तळं वास मारतं, घाटात सावली नाही, कचेरीत काम नाही आणि वहीत लिहिलेलं गोठ्याच्या दारावर सापडतं. चांगलं काय होतं तेही सांगते: साखरखेर्ड्याच्या बाईचे फुटाणे, उस्मानभाईंची चिंच आणि बशीरचा घासकागद. माझी म्हणून काही चांगली गोष्ट ह्यात नाही. खाराने पडलेले खड्डे रंगाखाली आहेत आणि प्रत्येक खड्डा कुठे आहे ते मला ठाऊक आहे.

नदी भरली तेव्हा पलीकडच्या सरपंचाचा पुतण्या आमच्याच नावेतून तालुक्याला निघाला. त्याचं नवं मशीन घरी झाकून ठेवलेलं. तो मागच्या फळीवर, मशीनला लागूनच बसला. नामदेव पुढे पाहत होता. मी समोरच्या फळीवरून त्याच्याकडे पाहत होते. मधल्या धारेला लागेपर्यंत त्याने टोपणाच्या कडेला नख लावून तीनदा खरवडून पाहिलं. मग त्याने कोऱ्या नखाकडे पाहिलं आणि हात मांडीखाली घेतला.